तिरपी काठी सरळ असू शकते: ‘तिरपा’ आणि त्याच्या भावंडांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे ‘तिरपा’ या शब्दाच्या आसपासची होती, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मराठी शिकवते. चित्रवर्णन लिहिताना एका विद्यार्थ्याने ‘भिंतीला वाकडी शिडी लावली आहे’ असे वाक्य लिहिले. मी ‘वाकडी’ खोडून ‘तिरपी’ केले. माझ्या सहकाऱ्यांच्या मते तेथे ‘तिरकी’ हवे होते. त्या मुलाचे आजोबा शाळेत आले तेव्हा त्यांनी विचारले, की आमच्या घरी अशा शिडीला वाकडीच म्हणतात, मग पोराचे चुकले कुठे? यांपैकी बरोबर कोण?

उत्तर: आजोबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘कोशात बघा’ एवढे सांगून चालणार नाही, कारण कोशांत या शब्दांचे अर्थ एकमेकांच्या साहाय्याने दिलेले असतात: तिरपा म्हणजे तिरका, तिरका म्हणजे वाकडा, वाकडा म्हणजे सरळ नसलेला. घरगुती बोलण्यात ‘वाकडा’ हा शब्द फार मोठ्या प्रदेशावर राज्य करतो. जे जे नीट नाही ते ते वाकडे. मुलाने घरातला शब्द वहीत आणला यात त्याचा दोष नाही. तरीही आपण केलेली दुरुस्ती मला योग्य वाटते, आणि त्याचे कारण मुलाला दाखवताही येईल.

शिडी भिंतीपासून काढून जमिनीवर आडवी ठेवा. आता ती तिरपी राहिली का? नाही. मग ती आधी वाकडी होती का? तिचे दोन्ही बांबू तर सरळच आहेत. तिरपेपणा शिडीच्या ठेवणीत होता, ठेवण बदलली की तो गेला. याउलट कुत्र्याचे शेपूट नळीत घालून ठेवले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो, कारण वाकडेपणा वस्तूच्या अंगचा असतो आणि ती कुठेही नेली तरी तिच्याबरोबर जातो. ‘वाकडा’ हा शब्द ‘वक्र’ या शब्दापासून आलेला आहे, आणि वक्र म्हणजे वळलेले. गणपतीला वक्रतुंड म्हणतात ते सोंडेच्या वळणामुळे. सोंड नुसती बाजूला झुकलेली असती तर हे नाव त्याला मिळाले नसते.

हा भेद पुस्तकी नाही, आपल्या रोजच्या बोलण्यात तो पक्का बसलेला आहे. ‘तुमच्यासाठी मी वाकडी वाट करून आलो’ असे म्हणणारा माणूस लांबून फिरून आलेला असतो. ‘मी मैदानातून तिरपा आलो’ असे म्हणणारा माणूस जवळच्या वाटेने आलेला असतो. चाळीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद मैदानाच्या कडेकडेने गेल्यास एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पोहोचायला ७० मीटर चालावे लागते, आणि तिरपे गेल्यास ५० मीटर. एका शब्दाने अंतर वाढते आणि दुसऱ्याने कमी होते. असे दोन शब्द समानार्थी म्हणून शिकवणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

आता ‘तिरपी’ की ‘तिरकी’? येथे मी काटेकोर नियम सांगणार नाही, कारण बोलीभाषेत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि कोणाचा अर्थ अडत नाही. मात्र कान देऊन ऐकले तर दोघांचा कल वेगळा असल्याचे जाणवते. स्थिर वस्तू, रेघ, काप, ऊन, पाऊस यांना ‘तिरपा’ अधिक शोभतो: तिरपी रेघ, तिरपे ऊन, वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस. चालीला, नजरेला आणि ऐटीला ‘तिरका’ अधिक जवळचा वाटतो: तिरकी चाल, तिरका कटाक्ष, डोक्यावर तिरकी ठेवलेली टोपी. बुद्धिबळाच्या पटावर उंट तिरका चालतो, आणि प्यादे सरळ चालून तिरके मारते. येथे ‘तिरपा’ म्हणणारा खेळाडू मी तरी ऐकलेला नाही. शिडी भिंतीला टेकून स्वस्थ उभी आहे, म्हणून मी आपल्या बाजूने मत देईन, पण ‘तिरकी’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणार नाही.

याच ओळीत ‘कलता’ हा तिसरा शब्द मुलांना जरूर द्यावा. जे मुळात उभे किंवा समतोल होते आणि एका अंगाला गेले, ते कलते. विजेचा खांब वादळात कलतो, माठ कलता करून पाणी ओततात, होडी कलते, दिवस कलतो, आणि कोणाचे मत कोणत्या बाजूला झुकते आहे याबद्दल बोलतानाही आपण ‘कल’ हा शब्द वापरतो. या शब्दात थोडे भय असते, कारण कलण्याच्या पुढे कलंडणे आहे आणि कलंडण्याच्या पुढे लवंडणे. दुधाचे भांडे कलले असेल तर हात देता येतो, कलंडले तर थोडे वाचते आणि लवंडले तर फडके आणावे लागते. इटलीतील पिसा येथील मनोऱ्याला मराठीत कलता किंवा झुकता मनोरा म्हणतात, तिरपा मनोरा म्हणत नाहीत, आणि ते फार अचूक आहे. ११७३ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले तेव्हा तो सरळ उभाच राहायचा होता. पायाखालची मऊ जमीन एका बाजूला खचत गेल्याने तो कलत गेला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कल साडेपाच अंशांपर्यंत पोहोचल्यावर उलट बाजूची माती काढून तो सुमारे चार अंशांवर आणावा लागला. मुद्दाम तिरपे बांधलेले आणि सरळ बांधून कललेले यांतला फरक एका विशेषणात आला.

गवंडी या बाबतीत आपल्या सर्वांहून काटेकोर असतात. भिंत नीट नसेल तर ते ‘तिरपी आहे’ एवढ्यावर थांबत नाहीत. उभी भिंत एका अंगाला गेली असेल तर ती ओळंब्यात नाही, दोन भिंतींचा कोपरा काटकोनात नसेल तर तो गुण्यात नाही, विटांचा थर वरखाली झाला असेल तर तो दोरीत नाही, आणि मोरीच्या फरशीवर पाणी साचत असेल तर तिला ढाळ नाही. चार दोष, चार हत्यारे, चार शब्द. तिरपेपणा हा नेहमी कशाच्या तरी मानाने असतो, आणि तो कशाच्या मानाने आहे हे त्यांना सांगावेच लागते, कारण त्याशिवाय भिंत दुरुस्त करता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या बांधकामावर अर्धा तास उभे करता आले तर या शब्दांचा पाठ तेथे फार चांगला होईल.

प्रश्न: ‘तिरका’ हा शब्द ‘तीर’ म्हणजे बाण यावरून आला, असे माझ्या वाचनात आले. बाण वरून तिरका येतो म्हणून तिरका, ही व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे. ती बरोबर आहे का?

उत्तर: पटण्यासारखी आहे, पण बरोबर नाही. बाण या अर्थाचा ‘तीर’ आपल्याकडे फारसीतून आला, ‘तिरंदाज’ आणि ‘तिरकमठा’ यांच्यातही तोच आहे, आणि त्याच्या इराणी मुळाचे नाते संस्कृतमधील तीक्ष्ण, तिग्म, तेज या टोकदार शब्दांशी लागते. ‘तिरका’ वेगळ्या घरातला आहे. त्याचे घर म्हणजे संस्कृतमधील ‘तिर्यक्’, आणि तिर्यक् हा शब्द ‘तिरस्’ या अव्ययाला ‘अञ्च्’ म्हणजे जाणे हा धातू जोडून झालेला आहे. तिरस् म्हणजे आडून, पार, पलीकडे. लॅटिन भाषेतील ‘ट्रान्स’ हा त्याचा दूरचा भाऊ. ‘ओलांडणे’ हा अर्थ असलेल्या ‘तॄ’ धातूशी तिरस् या शब्दाचा संबंध जोडला जातो, आणि नदीचे ‘तीर’ हा संस्कृत शब्दही परंपरेने त्याच धातूपासून सांगतात. म्हणजे बाण परका निघाला आणि नदीकाठ मात्र नात्यातला.

या कुटुंबातील दुसरी माणसे पाहिली की मूळ अर्थ उजळून निघतो. तिरस्कार म्हणजे बाजूला सारणे. ज्याच्याकडे आपण समोरून पाहायला तयार नसतो त्याचा आपण तिरस्कार करतो. तिरोहित म्हणजे आड गेलेला, दिसेनासा झालेला. संस्कृत नाटकांत पडद्याला आणि अदृश्य होण्याच्या विद्येला ‘तिरस्करिणी’ म्हणतात. सगळीकडे ‘समोरासमोर नाही, आडून’ हाच भाव आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिर्यक् याचा जुना अर्थ आज आपण समजतो तसा ‘अर्धवट उभा, अर्धवट आडवा’ असा नव्हता. तो ‘आडवा’ असा होता. ऊर्ध्व म्हणजे वर, अधः म्हणजे खाली आणि तिर्यक् म्हणजे आडवे, अशी दिशांची वाटणी होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९व्या सूक्तात ‘तिरश्चीनो विततो रश्मिरेषाम्’ असे शब्द आहेत आणि तेथे आडवी ताणलेली दोरी डोळ्यांपुढे येते. पशुपक्ष्यांच्या योनीला तिर्यग्योनी म्हटले गेले तेही याच अर्थाने, कारण माणसाचा कणा उभा असतो आणि जनावराचा आडवा. जैन परंपरेत देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक अशा चार गती मानतात, त्यांतील तिर्यंच ही पशूंची. प्राकृतात तिचा उच्चार ‘तिरिक्ख’ असा होतो. प्राकृतातीलच ‘तिरिच्छ’ या रूपापासून हिंदीतला ‘तिरछा’ आला.

हा जुना आडवेपणा मराठीतून पुरता गेलेला नाही. खेकडा कसा चालतो, असे कोकणातल्या कोणालाही विचारा; तो ‘तिरका’ असे सांगेल. खेकडा तर पुढेही जात नाही आणि कोपऱ्याकडेही जात नाही, तो सरळ बाजूला जातो, म्हणजे अगदी वैदिक अर्थाने तिर्यक् चालतो. मला हे उदाहरण या साऱ्या शोधातले सर्वांत सुंदर वाटते. शेकडो वर्षांत बाकी सगळीकडे शब्दाचा अर्थ सरकला आणि एका खेकड्याच्या चालीत तो जसाच्या तसा राहिला.

प्रश्न: माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात सूर्यकिरणे ‘तिरपी’ पडतात, पृथ्वीचा आस ‘कललेला’ असतो, आणि गणितात शंकूची उंची ‘तिरकस’ असते. एकाच कल्पनेला तीन शब्द कशासाठी? मुलांचा गोंधळ होत नाही का?

उत्तर: तिन्ही ठिकाणी कल्पना एक नाही, म्हणून शब्दही एक नाही, आणि निदान दोन ठिकाणी निवड उत्तम झालेली आहे.

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या पातळीवर काढलेल्या लंबाच्या मानाने सुमारे २३.५ अंश एका बाजूला गेलेला आहे. तो लंबाच्या जागी असता तर ऋतू झाले नसते. म्हणून ‘कललेला’ हा शब्द येथे ढळल्याचा भाव अचूक आणतो. सूर्यकिरणांचे तसे नाही. किरण कुठून ढळलेले नसतात, ते आपल्या वाटेने सरळच येतात आणि आपल्या जमिनीला कोन करून भेटतात. म्हणून ते तिरपे. पुण्यात मेच्या मध्याला एका दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच राहते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमधून तो आवडीने पाहिला जातो. त्याच पुण्यात २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. एक मीटर उंचीच्या काठीची सावली तेव्हा साधारण ९० सेंटिमीटर पडते, आणि जो प्रकाशाचा झोत मे महिन्यात एक चौरस मीटर जमीन तापवतो तो डिसेंबरात सव्वा चौरस मीटरहून अधिक जागेवर पसरतो. थंडीच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात उन्हाची तिरीप घरात आतपर्यंत पोहोचते तीही याचमुळे. ‘तिरीप’ हा शब्द मुलीला नक्की सांगावा. फटीतून किंवा खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्याला एवढे लहान आणि पुरेसे नाव दुसरे नाही.

‘तिरकस उंची’ याबद्दल मात्र माझे मन पूर्ण समाधानी नाही. शंकूच्या टोकापासून तळाच्या कडेपर्यंत पृष्ठभागावरून मोजलेले अंतर म्हणजे तिरकस उंची. त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि लंब उंची ४ सेंटिमीटर असेल तर ती ५ सेंटिमीटर येते, आणि वक्रपृष्ठफळ काढताना तीच लागते. संज्ञा रूढ आहे, तिचा अर्थ पक्का आहे, ती बदला असे मी म्हणणार नाही. पण रोजच्या मराठीत तिरकस उत्तरे असतात, तिरकस बोलणे असते. वस्तूसाठी हा शब्द आता क्वचितच ऐकू येतो. त्यामुळे मुलाला तो पहिल्यांदा गणितात भेटतो तेव्हा अनोळखी वाटतो. ‘तिरपी उंची’ म्हटले असते तर विदूषकाची टोपी पाहून त्याला ती आपोआप कळली असती. मुलीचा गोंधळ होत असेल तर कागदाची शंकू-टोपी करून तिच्या अंगावरून बोट फिरवायला सांगावे.

जाता जाता व्याकरणाचा एक उपयोगी मुद्दा. तिरपा आणि तिरका ही आकारान्त विशेषणे आहेत, ती लिंगवचनाप्रमाणे बदलतात: तिरपा बाण, तिरपी रेघ, तिरपे पान, तिरप्या ओळी. तिरकस अकारान्त आहे, तो कोणासाठीही बदलत नाही.

प्रश्न: मी घरी शिवणकाम करते. गळ्याला लावायच्या पट्टीला आमच्याकडे कोणी तिरपी पट्टी म्हणतात, कोणी क्रॉस पट्टी, आणि माझे शिवण शिकवणारे काका ‘उरेप’ म्हणत. शुद्ध शब्द कोणता?

उत्तर: तिन्ही शुद्ध आहेत, आणि काकांचा शब्द जुना आहे. उरेप किंवा उरेब म्हणजे फारसीतला तिरपा. कापड कापण्याच्या कलेबरोबर तो शिंप्यांच्या तोंडी आला. कापडाचे उभे आणि आडवे धागे स्वतः फारसे ताणले जात नाहीत, पण त्यांच्याशी ४५ अंशांचा कोन करून कापलेली पट्टी ताणते, वळते आणि गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसते. ‘तिरपी’ या साध्या शब्दाने हे सगळे कारण सांगून होते, कारण पट्टी धाग्यांच्या मानाने तिरपी आहे. ‘क्रॉस’ या शब्दात ते हरवते. तरी गिऱ्हाईकाशी बोलताना जो शब्द समजतो तो वापरावा, आणि शिकाऊ मुलींना उरेपही सांगावा, नाहीतर तो काकांच्या पिढीबरोबर जाईल.

असेच एक सुरेख उदाहरण स्वयंपाकघरात आहे. शंकरपाळे करताना पोळीवर आधी उभ्या रेघा मारतात आणि मग तिरप्या. दुसऱ्या रेघा आडव्या मारल्या तर चौकोनी तुकडे होतील. त्या आकाराला गणितात समभुज चौकोन म्हणत असले, तरी घरोघर त्याचे नाव ‘शंकरपाळ्याचा आकार’ असेच आहे, आणि वड्या कशा पाडू या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरते.

प्रश्न: आम्ही परदेशात राहतो आणि दर रविवारी काही मराठी मुलांना मराठी शिकवतो. इथली घरे दोन्हीकडून उतार असलेल्या छपरांची आहेत. मुले ‘तिरपे छप्पर’ लिहितात. ते कानाला खटकते, पण का ते सांगता येत नाही.

उत्तर: खटकते ते योग्यच आहे. छपराचे काम पाणी उतरवण्याचे, तिकडे बर्फ उतरवण्याचे, म्हणून मराठीने त्याला ‘उतरते छप्पर’ म्हटले. रेघेकडे पाहणारा तिरपे म्हणेल, पावसाकडे पाहणारा उतरते म्हणेल, आणि मराठी घर पावसाकडे पाहून बांधलेले आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे छपराला भरपूर उतार दिल्याशिवाय घर टिकत नाही. सोलापूरकडच्या कोरड्या भागात त्याच मराठी माणसाने सपाट माळवदाची, धाब्याची घरे बांधली, आणि तेथे उतरत्या छपराची शब्दसंपत्ती फारशी वाढली नाही.

कोकणात मात्र ती भरभरून आहे. छपराच्या माथ्यावर आडवे असते ते आढे, त्यावरून खाली उतरतात ते वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले. आढ्याच्या एका अंगाचा जो उतार त्याला पाखे म्हणतात. दोन अंगांनी उतरणारे ते दुपाखी घर आणि चारही अंगांनी उतरणारे ते चौपाखी. तुमच्या मुलांची बहुतेक घरे दुपाखी असणार; हा शब्द त्यांना सांगितलात तर ती आपल्याच घरांकडे नव्याने पाहतील. पाखे जेथे संपते ती वळचण, आणि वळचणीवरून पावसाच्या ज्या धारा गळतात त्या पागोळ्या. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण या छपराशिवाय जन्मलीच नसती, आणि घर फिरले की वासेही फिरतात हीसुद्धा. पाखे जसे घराला तसेच डोंगरालाही असते, आणि अशा उतारावरच्या वस्तीत दगडी पायऱ्यांची जी फरसबंद वाट वर चढते तिला कोकणात पाखाडी म्हणतात.

मी स्वतः लहानपणी पागोळ्यांखाली हात धरून उभा राहिलेला आहे, त्यामुळे या उत्तरात थोडा लांबलो असेन. मुलांच्या वहीतील वाक्य ‘आमच्या घराचे छप्पर उतरते आहे’ असे करावे. ‘उतरते’ हे येथे विशेषण आहे हे पहिल्यांदा समजावून सांगावे लागेल, नाहीतर छप्पर खाली येऊ लागले असे एखाद्याला वाटेल.

प्रश्न: संगणकावर अक्षरे झुकवण्याच्या सोयीला मराठीत काय म्हणावे? आणि मराठी मजकुरात पुस्तकांची नावे अशी झुकवून छापावीत का?

उत्तर: ‘तिरपा ठसा’ किंवा ‘तिरपी अक्षरे’ म्हणावे, छापखान्यांत ‘तिरका टाइप’ हेही चालत आलेले आहे.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. रोमन लिपीतील तिरपा ठसा १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये आल्दुस मनुशियस या मुद्रकाच्या पुस्तकांतून पुढे आला आणि तो भरभर लिहिलेल्या हस्ताक्षराच्या वळणावर बेतलेला होता. म्हणजे ती वेगळी अक्षरे होती, सरळ अक्षरे ढकलून केलेली नव्हती. देवनागरीत संगणक नुसते ढकलण्याचे काम करतो. शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र कलतो, आणि ओळ वाऱ्यात सापडल्यासारखी दिसते. देवनागरीत तिरपेपणा आहे, पण तो लेखणीत आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, आणि त्या कापामुळेच एका दिशेने जाणारी रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. अक्षराचे सौंदर्य तेथून येते, उभा काना उभाच राहतो. मराठीत भर देण्यासाठी ठळक ठसा आणि नावांसाठी एकेरी अवतरणचिन्हे आहेत, ती पुरेशी आहेत.

प्रश्न: कार्यालयातील निरोपसमारंभात एका सहकाऱ्याच्या ‘तिरकस स्वभावाचा’ मी प्रेमाने उल्लेख केला. त्यांना तो लागला. मला तर त्यांच्या विनोदबुद्धीचे कौतुक करायचे होते. माझे काय चुकले?

उत्तर: आपले विशेषण बरोबर होते, ते चुकीच्या नामापुढे लागले. ‘तिरकस’ विनोदाला लावला तर बहुधा स्तुती होते: जी गोष्ट सगळे समोरून पाहतात ती हा माणूस बाजूने पाहतो आणि इतरांना न दिसलेले त्याला दिसते. उत्तराला लावला तर तक्रार होते, कारण सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही असा त्याचा अर्थ. स्वभावाला लावला तर दोष कायमचा होऊन बसतो. प्रत्येक गोष्टीत फाटा फोडणारा, सरळ न वागणारा माणूस असे ऐकणाऱ्याला वाटते. टोमणा बोचतो, कुत्सित बोलण्यात हीन लेखणे असते, उपरोध उलट बोलून आपले म्हणणे सांगतो. तिरकस बोलण्यात यांपैकी काहीही असू शकते किंवा काहीच नसू शकते, म्हणून ऐकणारा आपल्या भीतीप्रमाणे अर्थ लावतो.

याच कुटुंबातील ‘तिरळा’ या शब्दाबाबत तर अधिक जपावे. डोळ्यांच्या दोषाला वैद्यकीय मराठीत तिरळेपणा म्हणतात आणि तो शब्द स्वच्छ आहे, पण माणसाला ‘तिरळा’ किंवा त्याहून वाईट ‘चकणा’ म्हणून हाक मारलेली त्याला जन्मभर आठवते. लहान मुलाच्या डोळ्यांत तिरळेपणा दिसला तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून न थांबता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकला की पुढे नजर परत मिळवणे कठीण होत जाते.

आपल्या सहकाऱ्यांना एक छोटे पत्र लिहावे आणि त्यात ‘तिरकस विनोद’ असे स्पष्ट लिहावे. शक्य असेल तर त्यांचा एखादा विनोद आठवून तोही लिहावा, म्हणजे आपल्याला काय आवडत होते ते त्यांना दिसेल.